स्क्रूवरचा लाल ठिपका

आमचा धाकटा सध्या सुट्टीच्या दिवशी फोनवर दोन कंट्रोलरांची तुलना वाचत बसलेला असतो. जुन्या धाटणीचा व्हिडिओ गेम पुन्हा बाजारात आलाय, त्याला 'रेट्रो' म्हणायचं म्हणे, आणि त्याच्यासाठी कुठला कंट्रोलर घ्यावा यावर शहाणीसुरती माणसं पानंच्या पानं लिहितात. बटणाचा आवाज कसा येतो, बाणाची कळ अडकते का, वायर किती लांब, हातात धरल्यावर अंगठा कुठे टेकतो. परवा जेवताना मी डोकावून बघितलं तर म्हणतो, "अम्मी, तुला यातलं काही कळायचं नाही." मी भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून त्याच्याकडे बघत राहिले. अरे लेका, तुझी आई या विषयात तेराव्या वर्षीच पंडित झाली होती! आणि त्या पंडितगिरीपायी एक गुन्हा तिनं तीस-पस्तीस वर्षं डोक्यावर वागवला. आता चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधायचे दिवस आलेत, तेव्हा विसरायच्या आत ते एकदा लिहून टाकलेलं बरं.

आम्ही कुसगावात राहायचो आणि अब्बांचं रेडिओ, टेप, टीव्ही दुरुस्तीचं दुकान लोणावळ्याच्या बाजारात होतं. आमच्याकडे चार महिने सगळंच ओलं असतं. काडेपेटी ओली, मीठ ओलं, भिंतीला हात लावावा तर हात ओला. म्हणून अब्बांनी घरातल्या लाकडी कपाटात तळाशी एक बल्ब कायम पेटता ठेवलेला असायचा, वरच्या फळ्यांवर लोकांचे उघडलेले रेडिओ शेकत बसायचे. कपाट उघडलं की ऊबेचा आणि तापलेल्या धुळीचा एक वास यायचा. थंडीत अम्मा त्यातच दुधाला विरजण लावून ठेवायची, आणि अब्बा एखाद्या गिऱ्हाइकाच्या टेपशेजारी दह्याचं भांडं बघून कपाळाला हात लावायचे. सकाळी घाट चढून आलेली मालगाडी स्टेशनाबाहेर थांबून मोठा सुस्कारा सोडायची, तो आवाज आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. अम्मा चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणायची, "आली बिचारी, दमली असेल." जशी काही ती तिची नणंद होती.

अब्बांची एक सवय मात्र सांगितलीच पाहिजे, कारण पुढचं सगळं रामायण त्या सवयीमुळे घडलं. वस्तू दुरुस्त करून बंद केली की मागच्या स्क्रूंवर ते लाल नेलपॉलिशचा एकेक ठिपका ठेवायचे. महिन्याभरानं गिऱ्हाईक तणतणत आलं, की "थांबा" म्हणून वस्तू उलटी करायची. ठिपके शाबूत असले तर चूक अब्बांची, दुरुस्ती फुकट. ठिपका तुटलेला असला तर मधे दुसऱ्या कुणीतरी हात घातलाय, गिऱ्हाइकानं मुकाट पैसे मोजायचे. ती बाटली दुकानाच्या खणात कुलपात असायची. घरात नेलपॉलिश नव्हतंच. अम्मा पाचवेळची नमाजी. नखावर रंग असला की वुजूचं, म्हणजे नमाजाआधी हातपाय धुण्याचं, पाणी नखाला लागत नाही, म्हणून तिनं जन्मात कधी लावलं नाही आणि मलाही लावू दिलं नाही. सबंध आळीत नेलपॉलिश बाळगणारे एकटे आमचे मिशीवाले अब्बा, आणि अम्माचा धाकटा भाऊ रफिकमामू यावरून त्यांची यथेच्छ टिंगल करायचा.

हा रफिकमामू आखातात नोकरीला होता. त्या वर्षी तो ईदेच्या आधी दोन महिने सुट्टीवर आला आणि येताना व्हिडिओ गेम घेऊन आला. पण आणला एकच. भाचे-पुतणे दोन घरांत आहेत हे त्या भल्या माणसाच्या डोक्यातच आलं नाही. एक घर आमचं, आणि दुसरं मोठ्या मामूंचं, तिकोणा किल्ल्याच्या पायथ्याच्या गावात, तिकोणा पेठेत. तिथला माझा मामेभाऊ यासीन माझ्याच वयाचा, काटक, आणि हसला की अर्धे दात पडलेले दिसायचे. मशीन आधी तिकोणा पेठेला गेलं. आठ दिवसांत तिथल्या शेळीनं एका रिमोटची वायर खाल्ली. शेळी बांधायचं काम यासीनचं होतं. तो छातीवर हात ठेवून सांगायचा, "आमी बांदलीच हुती. तीच सुटली." शिवाय तिथं व्होल्टेज इतकं कमी, की बल्बात नुसती लाल रेघ दिसायची आणि टीव्हीचा पडदा चहाच्या बशीएवढा व्हायचा. म्हणून मशीन आमच्याकडे कुसगावला आलं आणि त्या उबदार कपाटात, दह्याच्या शेजारी, त्याला जागा मिळाली. मामूनं पुण्याहून दुसरा रिमोट आणला.

कंट्रोलर हा शब्द आम्हाला माहीत नव्हता, आमचे ते रिमोटच. मशीनसोबत आलेला एक राखाडी होता, अस्सल. पुण्याहून आणलेला काळा, डुप्लिकेट. आकार अगदी एक, पण स्वभाव! राखाडीचं बटण दाबलं की हलकेच 'टिक' व्हायचं आणि पडद्यावरचा पैलवान त्याच क्षणी हात उगारायचा. काळ्याचं बटण दाबायला अंगठ्यात मोठ्या माणसाची ताकद लागायची, आणि दाबल्यावर पैलवान जणू "कोण, मी?" असं विचारून मग हात उचलायचा. त्याची उजवीकडची कळ तर कधी लागायची, कधी नाही. आम्ही एवढी कटकट केली की शेवटी एका रविवारी अब्बांनी वर्तमानपत्र पसरून दोन्ही रिमोट उघडले. आत हिरव्या पट्टीवर रबराचं पातळ पान होतं, त्याला खालून काळे ठिपके. "सगळी करामत या रबराची," अब्बा म्हणाले. "अस्सलचं बघ, कानाच्या पाळीसारखं मऊ. आणि हे डुप्लिकेटचं, चपलेच्या पट्ट्यासारखं." मग त्यांनी दोन्ही बंद केले आणि सवयीप्रमाणे मागच्या स्क्रूंवर लाल ठिपके दिले. घरच्या वस्तूला कशाला, असं अम्मानं विचारलं. "घरात तर जास्तच लागतं," म्हणाले.

आमच्या घरात चांगली वस्तू पाहुण्याला द्यायचा नियम होता. टवका न गेलेला कप पाहुण्याला, मटणातली नळी पाहुण्याला, आणि म्हणून राखाडी रिमोटही पाहुण्याला. यासीन रविवारी एसटीनं यायचा, पायरीवर चपला टाकून आत शिरायचा आणि थेट राखाडी उचलायचा. मामू खेळला तर राखाडी मामूला. माझ्या वाट्याला कायम तो काळा. मी अम्माशी भांडले, रुसले, एक दिवस जेवले नाही. "तू घरची आहेस," एवढंच उत्तर. मग काय करते! हळूहळू माझा अंगठा काळ्याला सरावला. बटण किती आधी दाबायचं, उजवी कळ कुठल्या कोपऱ्यावर दाबली की हमखास लागते, हे मला इतकं पाठ झालं की झोपेतही अंगठा हलायचा, असं अम्मा सांगायची.

ईद जवळ आली आणि मामूची सुट्टी संपत आली. मशीन कुणाकडे राहणार यावरून मी आणि यासीन एकमेकांचे केस उपटायच्या बेतात आलो होतो. मामूला लाडक्या बहिणीलाही दुखवायचं नव्हतं आणि मोठ्या भावालाही. त्यानं डोकं चालवलं. "ईदेच्या दुसऱ्या दिवशी कुस्ती. पडद्यावरची. पाच डाव, तीन जिंकेल त्याच्या घरी मशीन. नंतर कोणी तोंड वाकडं करायचं नाही." सगळ्यांना हे फार आवडलं. मला सोडून. कारण मला सरळ दिसत होतं, यासीन येणार, पाहुणा म्हणून राखाडी उचलणार आणि माझं मशीन शेळीच्या गावाला जाणार. त्या वयात मला दुसरं काही नको होतं हो. नवे कपडे नकोत, ईदी नको, फक्त ते मशीन त्या कपाटात राहायला हवं होतं.

आणि मग मला ते सुचलं. रिमोट बदलता येत नाही, पण रबर तर बदलता येतं! राखाडीत चपलेचा पट्टा, काळ्यात कानाची पाळी. यासीन मोठ्या ऐटीत राखाडी उचलेल, मी मोठ्या मनानं काळा घेईन, आणि वर अम्मा म्हणेल, पोरगी किती शहाणी. खरं सांगते, बेत सुचल्यावर मी न्हाणीघरात जाऊन एकटीच हसले.

अडचण एकच, अब्बांचे ठिपके. त्यासाठी शेजारच्या सुनीताला सामील करून घेतलं. तिच्या ताईचं नुकतंच लग्न झालं होतं आणि घरात नेलपॉलिशची बाटली शिल्लक होती. ईदेच्या आदल्या दुपारी अब्बा दुकानात, अम्मा शेजारी शेवया वळायला गेलेली. सुनीता दारात पहारा करायला उभी राहिली आणि पहारा सोडून सतत आत येऊन बघत होती. "शमे, तुला पाप लागेल बघ," ती म्हणाली. "तुमच्यात लागतं का गं असल्या गोष्टींचं?"

"तू बाहेर लक्ष दे," मी म्हटलं.

"बाहेर कोंबडीशिवाय कुणी नाहीये. आणि शेवया मला पण पाहिजेत हं, वाडगाभर."

छोट्या स्क्रू-ड्रायव्हरनं मी ठिपके फोडले, स्क्रू काढले, रबरं अदलाबदल केली, परत आवळलं. काम झकास झालं. अब्बांचीच मुलगी ना! मग सुनीताची बाटली उघडली. रंग लालच होता. ठिपके दिल्यावर उजेडात धरलं तेव्हा दिसलं की त्यात बारीक चमकी आहे. लग्नातलं नेलपॉलिश ते, चमकणारच. "कोण बघतंय मागनं?" सुनीता म्हणाली, आणि ते मला पटलं.

दुसऱ्या दिवशी ईद. घरभर शीरखुर्म्याचा आणि अत्तराचा वास, येणारी-जाणारी माणसं, सुनीताची वाडगाभर शेवई. संध्याकाळी अब्बा कपाटातून काहीतरी काढत होते, तेव्हा त्यांच्या हातात राखाडी रिमोट मी बघितला. त्यांनी तो खिडकीकडे धरला, "हं" म्हणाले आणि ठेवून दिला. माझ्याकडे मात्र त्यांनी बघितलंसुद्धा नाही. थोड्या वेळानं टोपी घालून "जरा दुकानात जाऊन येतो" म्हणाले. सणाच्या दिवशी कसलं दुकान, म्हणून अम्मा चिडली. अर्ध्या तासात परत आले, येताना मामूसाठी पान घेऊन. सुटले बाई, म्हणून मी दुसऱ्यांदा शीरखुर्मा घेतला.

बासी ईदेला, म्हणजे ईदेच्या दुसऱ्या दिवशी, तिकोणा पेठेची सगळी वरात आली. मोठे मामू, मामी, यासीन, आणि घरच्या इंद्रायणी तांदळाची गोणी. अम्मानं बिर्याणी केली होती. एरवी मशीन जोडायचं काम माझं, पण त्या दिवशी अब्बाच म्हणाले, "मी लावतो. तुम्ही जेवून घ्या." आम्ही जेवून आलो तर टीव्ही चालू, सतरंजी अंथरलेली, आणि दोन्ही रिमोट शेजारी शेजारी पालथे न घालता नीट ठेवलेले. "खेळा आता. मशीन मी तपासलंय," अब्बा म्हणाले.

यासीननं राखाडी उचलला. मी मोठ्या मनानं काळा घेतला. अम्मा खरोखरच म्हणाली, "बघा, पोरगी किती समजूतदार." मामू दोघांच्या मधे पंच म्हणून बसला.

पहिला डाव सुरू झाला आणि मला घाम फुटला. बटण जड! उजवी कळ लागेना! अस्सल रबर आत असून काळा पहिल्यासारखाच हट्टी. मला क्षणात उलगडा झाला: ही अल्लाहची शिक्षा. मी पाप केलंय म्हणून माझाच अंगठा जड झालाय. पहिला डाव गेला. यासीननं मोठ्यांदा आरोळी ठोकली. मी मनातल्या मनात जेवढे आठवतील तेवढे कलमे म्हटले आणि अंगठा जसा रोज दाबायचा तसा दाबायला लागले, जरा आधी, जरा जोरात, कळीच्या खालच्या कोपऱ्यावर. दुसरा डाव माझा. तिसरा त्याचा. चौथा माझा. मोठे मामू पानाची पिंक गिळून बसले होते. पाचव्यात यासीनचा लाल पैलवान धावत आला, मी बटण आधीच दाबून ठेवलं होतं, माझ्या निळ्यानं बरोबर वेळेवर हात उगारला आणि लाल आखाड्याबाहेर जाऊन पडला. मी जिंकले. मामूनं मला उचललं, अम्मानं दृष्ट काढली.

यासीन रडला नाही. राखाडी रिमोट खाली ठेवून शर्टाच्या बाहीनं नाक पुसत म्हणाला, "रिमोट झकास हुता. माजाच अंगठा चुकला. लय भारी खेळलीस, शमे."

चपलेच्या पट्ट्यावर खेळलेलं हे पोरगं म्हणतंय रिमोट झकास होता! मला वाटलं, याला कळलंय आणि मोठ्या मनानं झाकतोय. माझं मोठं मन खोटं, याचं खरं. त्यानं मला शिव्या दिल्या असत्या तर मी मजेत वर्षभर खेळले असते. पण ते वाक्य माझ्या मानगुटीवर बसलं. मशीन कपाटात होतं आणि मला ते लावावंसंच वाटेना. जेमतेम तीन आठवडे काढले आणि एका सकाळी अब्बांना म्हटलं, "मशीन यासीनला देऊन टाकू या."

"का गं?"

"असंच. त्याला आवडतं."

"तू जिंकलीस ना ते?" अब्बांनी माझ्याकडे असं काही बघितलं, की मला वाटलं आता सगळं बाहेर येणार. "खात्री आहे?"

"हो."

"नंतर रडायचं नाही."

"नाही."

"अजून एकदा विचार कर."

"नाही म्हटलं ना अब्बा!" मी पाय आपटले. त्यांनी मशीन स्वतः खोक्यात भरलं आणि मला घेऊन एसटीनं तिकोणा पेठेला गेले. वाटेत उगीचच खुशीत होते, गुणगुणत होते. थांब्यावर मला भाजलेलं कणीस घेऊन दिलं, वर तिखट-मीठ-लिंबू. माझा जीव तुटत होता आणि या माणसाला गाणं सुचतंय, याचा मला फार राग आला. यासीननं खोकं उघडलं आणि राखाडी रिमोट उचलून छातीशी धरला. परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून रडले. अब्बांनी दिसत नसल्यासारखं केलं.

पाप मात्र फिटलं नाही. कुणाला सांगितलंही नाही मी. शिकले, शाळेत विज्ञान शिकवलं, पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि प्रत्येक कॉपी पकडताना मनात म्हटलं, बोलायला तोंड आहे का तुला? अब्बांना सांगायचं राहून गेलं. दोन वर्षांपूर्वी ते गेले.

धाकट्यानं तुलना वाचायचं खूळ घेतल्यावर मी त्याला म्हटलं, चल, तुला खरी वस्तू दाखवते. गेल्या महिन्यात आम्ही तिकोणा पेठेला गेलो. यासीन आता किल्ल्यावर येणाऱ्या लोकांची राहायची-जेवायची सोय करतो. दातांचा पूर्ण संच आहे, पण कवळीचा. मशीन त्यानं अजून ठेवलंय, पत्र्याच्या पेटीत, फडक्यात गुंडाळून. "शहरातली पोरं म्हागतात इकत. आमी देत न्हाई," म्हणाला. त्यानं ओसरीवर दोन्ही रिमोट काढून ठेवले. त्या कुस्तीनंतर पहिल्यांदाच मी ते हातात घेऊन उलटे केले.

ठिपके होते. दोन्हीवर. विटकरी, मळकट लाल, अब्बांच्या बाटलीतले. चमकी नव्हती.

मी चष्मा पुसला. उजेडात धरून पुन्हा बघितलं. काळ्याच्या एका स्क्रूच्या खोबणीत, अब्बांच्या लाल रंगाखालून, चमकीचा एकच कण लुकलुकत होता. म्हणजे मी उघडलं होतं हे खरं. आणि माझ्यानंतर अब्बांनी पुन्हा उघडलं होतं. रबरं जिथली तिथं बसवली, दुकानात जाऊन स्वतःची बाटली आणली, ठिपके दिले, आणि मला एक अक्षरही न बोलता काळ्याच रिमोटवर खेळायला बसवलं. मी जिंकले ते डुप्लिकेट रबरावर, स्वतःच्या अंगठ्यानं. हे त्यांना माहीत होतं. आणि तरी त्या माणसानं मला मशीन देऊ दिलं, तीनदा विचारून, कणीस खायला घालून! केलेल्या बेताची शिक्षा माझी मीच घेतेय म्हणून ते एसटीत गुणगुणत होते. मी ओसरीवर बसून हसायला लागले आणि हसता हसता कधी रडायला लागले ते कळलं नाही. अब्बांची इतकी आठवण ते गेल्यावरसुद्धा आली नव्हती.

धाकटा घाबरला. यासीन पाण्याचा तांब्या घेऊन आला. मी दोघांना पहिल्यापासून सगळं सांगितलं, सुनीता, चमकी, सगळं.

यासीननं तांब्या खाली ठेवला. "म्हंजी तू खरंच जिकली हुतीस?"

"हो."

"मग मशीन तुजं."

"माझंच."

"आन मी म्हनत हुतो ना, रिमोट झकास हुता," तो म्हणाला. "फुकट इतकी वरसं रडलीस व्हय, येडे!" मग मशीन फडक्यातून काढून त्यानं टीव्हीला जोडलं. आता तिकडे व्होल्टेज चांगलं असतं, पडदा पूर्ण भरला, दोन्ही पैलवान उभे राहिले. राखाडी रिमोट त्यानं माझ्यापुढे सरकवला. "घे. आता तू पाव्हनी."

मी काळा उचलला. तो अब्बांनी तपासून दिलेला होता.

तीन डाव झाले, तिन्ही हरले. धाकट्याला सांगितलं, रिमोट खराब होता.